मैदानाचं खाचर

हल्ली शाळांच्या मैदानांवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरतात आणि पाणी निघून जायला त्याच्याखाली नळ्या टाकतात. माझ्या भाचीच्या मुलाच्या शाळेत तसं मैदान झालं, त्याचे फोटो ती मला दाखवत होती. पाऊस थांबला की अर्ध्या तासात मुलं खेळायला मोकळी, म्हणाली. मी म्हटलं, आम्हीही केलं होतं गं असं मैदान, फक्त आमच्यात पाणी निघून जायच्या आधी ते नीट साठायला लागलं होतं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मेढ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात मी हायस्कुलात खेळाची शिक्षिका होते. माझं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. आमच्याकडे पावसाळ्यात छत्री उघडायची वेळ महिन्यातून चारदा यायची. तिथे जूनमध्ये उघडलेली छत्री मी सप्टेंबरात मिटत असे. जैन शेतकऱ्याची मुलगी, एकटी, खोली घेऊन राहते आणि पोरींना पळायला शिकवते, याचं गावाला पहिले सहा महिने फार नवल वाटलं. मग त्यांना माझ्या तापट स्वभावाचं नवल वाटायला लागलं आणि पहिलं नवल मागे पडलं.

माझी खो-खोची मुलींची टीम होती. या मुली रोज डोंगर चढून-उतरून शाळेत यायच्या, त्यांना दम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यांची कप्तान मॅट्रिकच्या वर्गात होती. ती पळायला लागली की पाठलाग करणारीला आपण चुकीच्या दिशेला का गेलो ते कळायचं नाही. पण या टीमनं एकही सामना खेळलेला नव्हता. तालुक्याचे सामने दरवर्षी दुसऱ्या कुठल्या तरी गावी व्हायचे, आणि कप्तानचे आजोबा तिला गावाबाहेर पाठवायला तयार नव्हते. हे आजोबा लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांचा शब्द गावात चालायचा. सुभेदारांची नात जात नाही म्हटल्यावर बाकीच्या घरांतूनही नकार यायचा. दोन वर्षं मी टीमचं नाव देत होते आणि दोन वर्षं आम्ही न गेल्यामुळे बाद होत होतो.

सुभेदार वाईट नव्हते. मी तावातावानं भांडायला गेले की मला बसायला घोंगडं टाकायचे, चहा द्यायचे आणि सांगायचे, "बाई, खेळू दे की. आमी कुटं नगं म्हंतोय? पर हितं खेळू दे, आमच्या डोळ्यांम्होरं."

पुढच्या वर्षी कप्तान शाळेतून बाहेर पडणार होती. तेव्हा मी आमच्या हेडमास्तरांच्या मागे लागले, की यंदा सामनेच आपल्या गावात आणा. हेडमास्तर अतिशय सज्जन आणि तितकेच भित्रे. पण माझ्यापेक्षा तालुक्याची मंडळी परवडली असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सामने मिळवले, गणपती झाल्यावर, सप्टेंबरात. अट एकच होती. मैदान खेळण्याजोगं पाहिजे. सामन्यांचे प्रमुख आदल्या दिवशी येऊन बघतील, आणि चिखल दिसला तर सगळे सामने खालच्या गावातल्या शाळेत हलवतील. म्हणजे आम्ही तिसऱ्यांदा बाद.

आमचं मैदान म्हणजे शाळा आणि ओढा यांच्या मधला एक उतार होता. वरच्या अंगाला डोंगर, पाणी तिथून यायचं आणि मैदानातून वाट काढत ओढ्यात जायचं. जागोजागी घळी पडलेल्या. सुभेदार म्हणाले, मे महिन्यात गाव श्रमदानानं मैदान करून देईल. मी सुट्टीला सांगलीला निघाले होते. निघताना त्यांना बजावून सांगितलं, "सुभेदार, मैदान कसं पाहिजे, पाण्यासारखं सपाट. एक उंचवटा दिसता कामा नये."

जूनमध्ये परत आले आणि एसटीतून उतरल्या उतरल्या आधी मैदानावर गेले. डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम होतं. उताराचा मागमूस नाही. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकापर्यंत नजर कुठे अडत नव्हती. भोवतीनं गुडघाभर उंचीचा, चोपून गुळगुळीत केलेला बांध. मी सुभेदारांच्या घरी जाऊन त्यांचे आभार मानले. त्यांनीही आनंदानं सांगितलं, की माती भिजवून, वरून बैल फिरवून, तळ पक्का बांधून घेतलाय. मी मान डोलावली. तळ बांधणं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

मग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आले तर मैदान नव्हतं. शाळेच्या पायरीपासून ओढ्यापर्यंत पाणी होतं, स्थिर, स्वच्छ, आणि त्यात खो-खोचे दोन खांब उभे. बांधावर डोक्यावर इरलं घेतलेले सुभेदार उकिडवे बसले होते आणि पाण्यात बोट बुडवून बघत होते. त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. ती पलटणीत असताना गेली होती, कशी ते दर वेळी वेगळं सांगायचे.

"बगा बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी फुलला होता. "हिकडं दोन पेरं. तिकडं बी जाऊन आलो, तिकडं बी दोन पेरं. कुटं कमी न्हाई, कुटं जास्त न्हाई. असलं काम तालुक्यात हुडकून दावा."

गावातल्या त्या माणसांनी जन्मभर एकच काम केलं होतं. डोंगर फोडून भाताची खाचरं करायची, ती सपाट करायची, तळ असा बांधायचा की पाणी खाली मुरू नये, आणि बांध असा घालायचा की ते बाहेर जाऊ नये. मैदान करा म्हटल्यावर त्यांनी जीव ओतून, येत होतं त्यातलं सगळ्यात चांगलं केलं होतं. हे मला आज समजतं. त्या दिवशी मी म्हणाले, "सुभेदार, आता रोपं घेऊन या. लावणी करून टाकू."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाण्यातल्या खांबांकडे बघितलं. चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुमीच म्हनला व्हता, पान्यागत सपाट," ते पुटपुटले. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच माझा राग आणखी वाढला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी बांध फोडला. पाणी गेलं, चिखल राहिला. पाय घातला की घोट्यापर्यंत आत. मुली व्हरांड्यात बसून राहायच्या आणि पोरं आमच्या मैदानाला खाचर म्हणायला लागली. मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्र लिहिलं. आमच्या उसाच्या रानाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून जमीन चिबड झाली होती, वर मीठ फुललं होतं. सगळे नशिबाला बोल लावत असताना अण्णांनी रानातून खोल चर खणले, त्यांत दगड भरले आणि साठलेलं पाणी बाहेर काढून निम्मं रान परत मिळवलं. मी लिहिलं, तुम्ही चर कसे काढलेत ते सविस्तर कळवा.

पत्राचं उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी अण्णाच आले, हातात छत्री, खांद्यावर शाळवाचं पीठ आणि शेंगांच्या चटणीची पिशवी. त्यांनी चप्पल काढली आणि मैदानभर अनवाणी फिरले. एका ठिकाणी काठी खुपसली, वर काढली, वास घेतला.

"कुनी केलंय हे?" त्यांनी विचारलं.

मी सुभेदारांचं नाव सांगितलं आणि वर त्यांच्या अकलेबद्दल दोन शब्द जोडले.

"गप गं," अण्णा म्हणाले. "असलं काम आमच्याकडं एकाला येत न्हाई. मला त्यांच्याकडं घिऊन चल."

माझी आणि सुभेदारांची महिनाभर बोलाचाल नव्हती. अण्णा मात्र त्यांच्याकडे गेले आणि मैदानाचं अवाक्षरही काढलं नाही. तुमची खाचरं दाखवा, म्हणाले. लावणी नुकतीच उरकली होती. आम्ही तिघं बांधांवरून चाललो. वाटेत एका खाचराचा बांध फुटून पाणी वाहत होतं. सुभेदारांनी बोलता बोलता खाली वाकून चिखलाचा गोळा उचलला, भगदाडात मारला, वरून हात फिरवला आणि पुढे चालायला लागले.

"हे बी तुमचंच का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. ज्येच्याशी आमचं बोलनं न्हाई, त्येचं हाय."

"मग?"

"मग काय? पानी चाललं हुतं की."

तिथे तशी रीतच होती. खाचर कुणाचंही असो, पाणी जाताना दिसलं की येणाऱ्या-जाणाऱ्यानं बुजवायचं. सांगायचंही नाही. अण्णांना हे फार आवडलं. संध्याकाळी सुभेदारांच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं, तर दिवस मावळायच्या आत पानं वाढलेली होती आणि भाजीत कांदा-लसूण नव्हता. हे त्यांना कुणी सांगितलं ते मला कळलं नाही, मी तर नव्हतंच सांगितलं. जेवताना अण्णा म्हणाले, "सुभेदार, तुमी पानी धरायचं काम असं केलंय की मला घालवायला जड जानार."

सुभेदार पहिल्यांदा हसले. "पाव्हणं, पानी घालवायचं काम आमाला कुनी शिकवलंच न्हाई. तुमी सांगा, आमी करतो."

अण्णांनी ताटलीत भाताचं मैदान करून बोटानं चर काढून दाखवले. डोंगराच्या अंगाला एक आडवा चर, वरचं पाणी मैदानात येण्याआधीच वळवायला. मैदानाच्या मधून एक मोठा चर आणि त्याला दोन्हीकडून येऊन मिळणारे लहान चर. बांधलेला तळ फोडून खाली जायचं, मोठे दगड खाली, लहान दगड वर, त्यावर मुरूम आणि वाळू. ओढ्याकडचा बांध पुन्हा घालायचा, नाहीतर मातीच वाहून जाईल. पाणी जाईल ते चरातून, बांधाखालच्या एकाच तोंडानं. ते तोंड टीचभर रुंद, चपट्या दगडांचं.

ऑगस्टमध्ये शेतीची कामं जरा थंडावली आणि गाव कुदळी-फावडी घेऊन उतरलं. एकमेकांच्या रानात जसं इर्जिक करून सगळे मिळून राबायचे तसं, प्रत्येक घराला चराचा एकेक तुकडा. दगड ओढ्यातून आणायचे होते, ते काम मुलींचं. शाळेत येताना प्रत्येकीनं रोज एक दगड आणायचा असं मी ठरवलं. हजेरीला मुली "हजर" म्हणायच्या आणि दगड बाकाखाली ठेवायच्या. हेडमास्तरांना ते पसंत नव्हतं, पण त्यांनी ते मला सांगितलं नाही.

अण्णांनी एकाच गोष्टीनं सगळ्यांना वैताग आणला. चातुर्मास चालू होता. कुदळ मारली की गांडुळं निघायची आणि अण्णा काम थांबवायचे. "आदी ती उचला, बांधाव न्हेऊन सोडा, मग कुदळ मारा." माणसं हसली. मग चिडली. सुभेदार म्हणाले, "पाव्हणं, असं केलं तर म्हैना लागंल."

"लागू दे," अण्णा म्हणाले.

शेवटी दर चरावर दोन मुली गांडुळं वेचायला बसवल्या आणि काम पुढे सरकलं. चर भरून झाल्यावर अण्णा सांगलीला गेले. जाताना मला म्हणाले, "तुझ्या पोरींचा खेळ बगितला. पळायला शिकवायला लागतं, हे मला ठावं नव्हतं." नोकरीला लागल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं कौतुक. पुढचे दोन दिवस मी कुणावर ओरडले नाही.

त्यानंतर दोनदा मोठा पाऊस झाला आणि दोन्ही वेळा मैदान दुपारपर्यंत पायाखाली घट्ट लागलं. ओढ्याकडच्या तोंडातून गढूळ पाणी धो धो पडताना बघायला गाव यायचं. मी निर्धास्त झाले.

सामन्यांच्या दोन दिवस आधी पुन्हा लागला तो थांबेना. प्रमुख येणार होते त्या दिवशी पहाटे पाऊस उघडला. सहा वाजता मी मैदानावर गेले. बांधापासून बांधापर्यंत पाणी. जूनमध्ये होतं तसंच, स्थिर, आणि त्यात ते दोन खांब. मी धावत ओढ्याकडे गेले. तोंडातून थेंबभर पाणी पडत नव्हतं. माझा बापावरचा विश्वास त्या क्षणी उडाला, हे लिहायला लाज वाटते, पण उडाला. निम्मं रान वाचवलं म्हणे, आणि माझं एक मैदान वाचवता आलं नाही.

मग खाली वाकून बघितलं. तोंडात चिखलाचा भलामोठा गोळा नीट बसवलेला होता, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेला. मधोमध तळव्याचा ठसा. ठशाला करंगळी नव्हती.

मागे चाहूल लागली. सुभेदार बांधावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठशाकडे बघितलं आणि स्वतःचा उजवा हात वर करून बघितला.

"काल सांजच्याला खाचरावनं येत हुतो," ते म्हणाले. "पाऊस धो धो, इरल्यातनं काय दिसंना. पानी चाल्लंय एवढंच दिसलं. हात कवा गेला मला कळलंच न्हाई बाई."

माझ्याकडे शब्द तयार होते. जूनमध्ये उरलेले होते तेही होते. पण सुभेदार खाली ओल्या बांधावरच बसले. लढाईवर जाऊन आलेला तो माणूस लहान तोंड करून म्हणाला, "पोरीचा खेळ म्याच बुडवला व्हय?"

मी इतकी वर्षं याच माणसाला पोरीच्या आड येणारा म्हणत होते. आणि हा तिच्यासाठी महिनाभर कुदळ मारत होता. मला एकदम त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"अजून बुडवला नाही," मी म्हटलं. "उठा."

आम्ही दोघांनी हातांनी तो गोळा उकरला. फार पक्का होता, कामच पक्कं होतं त्यांचं. शेवटचा तुकडा निघाला तसा पाण्याचा लोट आमच्या अंगावर आला आणि सुभेदार मागे पडले. मला हसू फुटलं, त्यांनाही. मग ते हातात काठी घेऊन वरच्या चरातला पालापाचोळा काढायला पळाले.

मी हेडमास्तरांच्या घरी गेले आणि सांगितलं, प्रमुख आले की त्यांना अकराच्या आत मैदानाकडे फिरकू देऊ नका. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनी ते केलं. पोहे दिले, शाळेची सगळी रजिस्टरं दाखवली, प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली दाखवली, आणि पुन्हा पोहे दिले. तोवर पाणी उतरत होतं. आधी कडेची जमीन दिसली, मग चरांच्या रेघा, मग मधला भाग. मुलींनी डोक्यावरच्या पाट्यांतून ओढ्याची वाळू आणून ओल्या जागी पसरली. ऊन पडलं. सव्वाअकराला प्रमुख पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर आले, टाच रोवून बघितली, दुसरीकडे जाऊन पुन्हा रोवली.

"काल इकडे पाऊस नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"होता की," हेडमास्तर म्हणाले. "भरपूर."

प्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि उद्या नऊला सुरू करू म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच उभ्या उभ्या अण्णांना मनातल्या मनात हात जोडले.

सामन्यांच्या दिवशी सुभेदार सकाळपासून ओढ्याकडच्या तोंडाशी काठी घेऊन बसले. रात्री पुन्हा सर आली होती आणि पाणी वाहत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी सवयीनं बुजवू नये म्हणून हा पहारा. दोघांना तर त्यांनी हातात चिखल घेतलेला असताना पिटाळलं. त्यामुळे त्यांची पाठ मैदानाकडे होती. शेवटच्या सामन्यात आमची कप्तान आत उतरली आणि डाव संपेपर्यंत बाद झालीच नाही. गाव ओरडायला लागलं तेव्हा मी सहज ओढ्याकडे बघितलं. सुभेदार उठून उभे होते, मैदानाकडे तोंड करून. काठी खाली पडली होती.

आम्ही जिंकलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, हेडमास्तर सगळ्यांना पोहे देत होते. मला मात्र आनंद पुरता होईना. जिंकलेल्या टीमला जिल्ह्याच्या सामन्यांना साताऱ्याला जायचं होतं, दोन रात्री राहून. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायचं होतं, ते त्यांनाच.

मी ओढ्याकडे गेले. सुभेदार पुन्हा तोंडाशी बसले होते आणि अडकलेली पानं बोटानं काढत होते. मी काय बोलायचं ते जुळवत उभी राहिले. राग नाही, गयावया नाही, साधं सांगायचं.

त्यांनी वर न बघताच विचारलं, "बाई, साताऱ्याला सकाळची यष्टी कितीची हाय?"

मी बांध ओलांडून मागे मैदानात मटकन खाली बसले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. उठले तेव्हा सवयीनं मागून साडी झटकली. साडी कोरडी होती.